निसर्गाच्या निवडीचा माग

स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात सेंट किल्डा नावाचा एक लहानसा द्वीपसमूह आहे. त्यांतील सर्वांत मोठे बेट हिर्टा. मोठे म्हटले तरी त्याचा विस्तार सुमारे साडेसहा चौरस किलोमीटर एवढाच. तेथे एकही झाड नाही. उभे कडे, ओले गवत आणि बारा महिने घोंगावणारा वारा, एवढीच त्या बेटाची संपत्ती. शेकडो वर्षे माणसे तेथे कशीबशी राहिली. अखेर २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या ३६ रहिवाशांनी आपली घरे सोडली आणि बेट निर्मनुष्य झाले. पुढे १९३२ साली शेजारच्या सोए नावाच्या बेटावरून १०७ मेंढरे आणून हिर्टावर सोडण्यात आली. सोए या शब्दाचा अर्थच जुन्या नॉर्स भाषेत ‘मेंढरांचे बेट’ असा आहे. ही मेंढरे लहान चणीची, चपळ आणि अगदी प्राचीन जातीची. त्यांना राखणारा धनगर नाही, त्यांची लोकर कोणी कातरीत नाही, त्यांना कोणी चारा घालीत नाही. आणि त्यांच्यावर झडप घालणारे लांडगेही त्या बेटावर नाहीत.

वाचकहो, इतक्या दूरच्या बेटावरील मेंढरांची हकीकत आपणास सांगण्याचे कारण असे की, निसर्ग प्राण्यांची निवड कशी करतो, या जुन्या प्रश्नाचे एक सुरेख उत्तर या मेंढरांच्या शिंगांत दडलेले होते. ते उत्तर कसे सापडले, आणि आपल्या देशातील वाघांशी त्याचा काय संबंध आहे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम कोडे समजून घेऊ. नोव्हेंबर महिना आला की हिर्टावरील एडके मेंढ्यांसाठी एकमेकांशी झुंजू लागतात. टकरांचे आवाज कड्यांवरून घुमतात. बहुतेक एडक्यांची शिंगे मोठी व वळणदार असतात. परंतु काहींची शिंगे मात्र खुरटलेली, बोटभर लांबीची असतात. झुंजीत अर्थातच मोठ्या शिंगांच्या एडक्याची सरशी होते, आणि पुढील एप्रिलमध्ये जन्मणाऱ्या कोकरांत त्याचीच कोकरे अधिक असतात. बापाचा गुण मुलात उतरतो. मग पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालले असता खुरट्या शिंगांचा वाण केव्हाच नामशेष व्हावयास हवा होता. पण तो झालेला नाही. खुरट्या शिंगांचे एडके आजही हिर्टावर चरताना दिसतात. असे का व्हावे?

डार्विनच्या हाती नसलेली वही

चार्ल्स डार्विनने १८५९ साली आपला जगप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील विचार आपल्याकडील कोणाही जाणत्या शेतकऱ्याला चटकन पटेल असा आहे. शेतकरी पिकातील भरदार कणसे बाजूला काढून बियाणे राखतो. मग वर्षागणिक पीक त्या वळणावर जाते. डार्विनचे म्हणणे असे की, निसर्गातही अशीच निवड अखंड चालू असते. मात्र ती करणारा कोणी मालक नसतो. थंडी, उपासमार, रोगराई, शत्रू आणि जोडीदारासाठी होणारी स्पर्धा यांतून काही प्राणी तरतात व काही जातात. तरलेल्यांचे जे गुण आनुवंशिक असतात, ते पुढील पिढीत अधिक प्रमाणात दिसू लागतात.

विचार निर्दोष होता. पण तो प्रत्यक्ष घडताना पाहावयाचा कसा? त्यासाठी रानातील प्रत्येक प्राण्याची एक वही हवी. तो कोणाच्या पोटी जन्मला, किती वर्षे जगला, त्याला किती मुले झाली आणि त्याने आईबापांकडून नेमके काय घेतले, एवढ्या गोष्टी त्या वहीत लिहिलेल्या हव्यात. त्यांतील शेवटची गोष्ट तर डार्विनच्या काळी कोणासच ठाऊक नव्हती. ग्रेगोर मेंडेलने वाटाण्याच्या झाडांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधून १८६६ साली छापले. परंतु १९०० सालापर्यंत त्यांची कोणी फारशी दखल घेतली नाही. शिवाय रानात आई ओळखता येते, कारण पिलू तिच्या अंगाला पिते. बाप कोण, हे मात्र नुसत्या पाहण्याने कळत नाही. हिर्टावरील मेंढी एकाच हंगामात अनेक एडक्यांशी संग करते, आणि तिच्या जुळ्या कोकरांचे बापही पुष्कळदा वेगवेगळे असतात. अशा स्थितीत मोठ्या शिंगांच्या एडक्याला खरोखर किती कोकरे झाली, हे डोळ्यांनी पाहून कोण सांगणार?

आनुवंशिक खूण म्हणजे काय?

ही अडचण आनुवंशिक खुणांनी दूर केली. या खुणा काय असतात, ते थोडक्यात पाहू.

प्रत्येक प्राण्याच्या शरीरातील पेशींत डीएनए नावाचे एक अतिसूक्ष्म, लांबलचक सूत्र असते. केवळ चार रासायनिक अक्षरे एकापुढे एक मांडून त्यावर साऱ्या शरीराच्या घडणीचा मजकूर लिहिलेला असतो. मेंढीच्या अंगातील हा मजकूर सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा भरतो. ज्या भागांवर एखाद्या विशिष्ट कार्याची सूचना लिहिलेली असते, त्यांना आपण जनुके म्हणतो. मेंढराजवळ या मजकुराच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली व एक बापाकडून आलेली.

एकाच जातीच्या दोन प्राण्यांचा मजकूर जवळजवळ सारखाच असतो. परंतु अधूनमधून काही ठिकाणी फरक आढळतो. कोठे एखादे अक्षर बदललेले असते, तर कोठे एखादी अक्षरजोडी एकात दहा वेळा व दुसऱ्यात चौदा वेळा लागोपाठ आलेली असते. अशी फरकाची ठिकाणे म्हणजेच आनुवंशिक खुणा. त्यांतील बहुतेक खुणांचा प्राण्याच्या बऱ्यावाईटाशी काहीही संबंध नसतो. पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांत छपाईच्या चुका वेगळ्या असाव्यात, तशाच या. पण चुका वेगळ्या असल्या म्हणजे कोणती नक्कल कोणत्या मूळ प्रतीवरून झाली, हे जसे ओळखता येते, तसेच या खुणांवरून बाप व लेक यांचे नाते ओळखता येते.

या खुणा वाचण्यासाठी प्राण्याला फारसा त्रासही द्यावा लागत नाही. मेंढराच्या कानाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. वाघासारख्या प्राण्याच्या बाबतीत जंगलातील वाटेवर पडलेली विष्ठा किंवा झाडाच्या सालीला अडकलेला केस यांवरही काम भागते. पूर्वी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या खुणा तपासता येत. आज मेंढरांच्या सुमारे ५० हजार खुणा एकाच चकतीवर एका वेळी तपासता येतात.

आता या खुणांवरून निवड कशी ओळखावयाची? पावसाळ्यातील घरांचे उदाहरण घ्या. झड लागली की आळीतील सगळ्याच घरांच्या भिंतींना थोडीबहुत ओल येते. तिचे कोणी नवल करीत नाही. पण एकाच घराची एकच भिंत ओलीचिंब झाली, तर तेथे कोठेतरी गळती आहे, हे आपण ताडतो. प्राण्यांच्या समूहातही पिढीगणिक सर्वच खुणांचे प्रमाण केवळ योगायोगाने थोडेबहुत कमीजास्त होते. कोणाला मुले अधिक होतात, कोणाला कमी. कोणी कड्यावरून पडून मरतो. ही झडीची ओल. परंतु एखाद्या विशिष्ट जनुकाजवळच्या खुणेचे प्रमाण इतरांहून फारच निराळ्या रीतीने बदलले, किंवा ती खूण बाळगणारे प्राणी सातत्याने अधिक जगले, तर तेथे निवडीचा हात आहे, असे अनुमान काढता येते.

हिर्टाचे उत्तर

सन १९८५ पासून हिर्टावर मेंढरांची वही अखंड लिहिली जात आहे. वसंत ऋतूत कोकरे जन्मली की शास्त्रज्ञ ती पकडतात, त्यांचे वजन करतात, कानात क्रमांकाचे बिल्ले अडकवितात आणि कातडीचा लहानसा नमुना घेतात. ऑगस्टमध्ये पुन्हा मेंढरे वळवून मोजमाप होते. हिवाळ्यात मेलेली मेंढरे शोधून त्यांचीही नोंद केली जाते. काही हिवाळे भयंकर असतात. गवत संपते, गारठा वाढतो, आणि एकाच ऋतूत निम्म्याहून अधिक मेंढरे मरतात. बेटावरील त्यांची संख्या कधी सहाशेवर येते, तर कधी दोन हजारांच्या पलीकडे जाते. निसर्गाची निवड पाहण्यास याहून कठोर, पण याहून स्पष्ट जागा क्वचितच मिळेल.

एडिंबरा विद्यापीठाच्या सूझन जॉन्स्टन, जोसेफीन पेम्बर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मेंढरांच्या हजारो खुणा तपासल्या. तेव्हा शिंगांच्या आकाराचा संबंध मुख्यत्वे एकाच जनुकाशी आहे, असे आढळले. त्याचे नाव आरएक्सएफपी-२ असे रुक्ष आहे. आपण त्याला शिंगांचे जनुक म्हणू. या जनुकाचे दोन प्रकार हिर्टावर आहेत. एक मोठ्या शिंगांचा व दुसरा लहान शिंगांचा. प्रत्येक एडक्याजवळ दोन प्रती असल्यामुळे तीन तऱ्हा संभवतात: दोन्ही प्रती मोठ्या शिंगांच्या, दोन्ही लहान शिंगांच्या, किंवा एक अशी व एक तशी.

यानंतर वही उघडून कोणाला किती कोकरे झाली व कोण किती जगला, हे त्या तीन तऱ्हांप्रमाणे ताडून पाहण्यात आले. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही प्रती मोठ्या शिंगांच्या असलेल्या एडक्यांना कोकरे पुष्कळ होतात, पण ते हिवाळ्यात अधिक मरतात. दोन्ही प्रती लहान शिंगांच्या असलेले एडके हिवाळे चांगले तरून जातात, पण त्यांना कोकरे कमी होतात. आणि मिश्र तऱ्हेचे एडके? त्यांची शिंगे झुंजीस पुरेशी मोठी असतात, म्हणून कोकरेही जवळजवळ पहिल्यांच्या इतकीच होतात. शिवाय हिवाळा काढण्यात ते दुसऱ्यांच्या बरोबरीने टिकतात. म्हणजे दोन्ही बाजूंचा लाभ त्यांनाच मिळतो.

कोडे सुटले ते येथे. सर्वांत यशस्वी एडका हा दोन्ही प्रकार अंगात बाळगणारा असल्यामुळे, निवड त्यांतील कोणत्याही एका प्रकाराला नाहीसे होऊ देत नाही. मिश्र एडक्याच्या मुलांत पुन्हा तिन्ही तऱ्हा जन्मतात, आणि खुरट्या शिंगांचे एडके कळपात येतच राहतात. निवड म्हणजे दुबळ्यांचा नाश आणि एकाच बलवान वाणाचा विजय, अशी जी समजूत आपल्यापैकी पुष्कळांची असते, ती किती अपुरी आहे, हे या एका उदाहरणावरून ध्यानात येईल. येथे निवडीनेच विविधता राखून ठेवली आहे.

याच बेटावरील दुसरी एक गोष्ट तर याहून मौजेची आहे. हिर्टावर काळपट व फिकट अशा दोन रंगांची मेंढरे आहेत. काळपट मेंढरे अंगाने मोठी असतात, आणि मोठे अंग हिवाळ्यात उपयोगी पडते. तेव्हा काळपट मेंढरे वाढावीत, असा कोणाचाही अंदाज होईल. पण नोंदी पाहता ती वर्षानुवर्षे कमीच होत गेली होती. शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली याचा उलगडा केला. काळ्या रंगाच्या दोन प्रती बाळगणारी मेंढी व एकच प्रत बाळगणारी मेंढी या दोघी दिसावयास सारख्याच काळ्या. कोणत्याही धनगराला त्यांत भेद करता येणार नाही. परंतु दोन प्रती असणारी मेंढरे अंगाने मोठी असूनही जगण्यात व संततीत मागे पडतात; कारण रंगाच्या जनुकाच्या शेजारीच डीएनएवर दुसरे काहीतरी अपायकारक आहे, आणि रंगाबरोबर तेही वारशाने येते. डोळ्यांना एकच दिसणारी दोन मेंढरे निसर्गाच्या हिशेबात वेगळी होती, हे खुणांवाचून कधीच कळले नसते.

कुंपणातील उंदीर

यावर एखादा चिकित्सक वाचक म्हणेल की, ही सारी नोंदींवरून काढलेली अनुमाने झाली. प्रत्यक्ष प्रयोग करून कोणी पाहिले आहे काय? तसाही प्रयोग झाला आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात वाळूच्या टेकड्यांचा विस्तीर्ण प्रदेश आहे. ही वाळू फिकट रंगाची. तिच्याभोवतालची जमीन मात्र गडद. वाळूवर राहणारे रानउंदीर फिके, तर शेजारच्या जमिनीवरचे गडद. याचे कारण शत्रूपासून लपणे हे असावे, असे कोणीही म्हणेल. रोवन बॅरेट, होपी होएक्स्ट्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासून पाहण्याचे ठरविले.

त्यांनी फिक्या वाळूवर चार व गडद जमिनीवर चार अशी आठ मोठी कुंपणे उभारली. प्रत्येक कुंपणाची लांबीरुंदी ५० मीटर, भिंती पोलादी पत्र्याच्या, जमिनीत खोल पुरलेल्या. वरची बाजू मोकळी, म्हणजे घुबडांना प्रवेश खुला. त्यांत फिके व गडद असे दोन्ही प्रकारचे मिळून सुमारे पाचशे उंदीर सोडले. सोडण्यापूर्वी प्रत्येकाचा नमुना घेऊन रंगाच्या जनुकावरील खुणा वाचून ठेवल्या, आणि नंतर ठरावीक काळाने कोण उरला याची मोजदाद केली. वाळूवर उरलेले उंदीर सरासरीने अधिक फिके निघाले, गडद जमिनीवर उरलेले अधिक गडद. रंग फिका करणाऱ्या एका विशिष्ट फरकाचे प्रमाण वाळूवरील कुंपणांत वाढले होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने एक संपूर्ण साखळी जोडून दाखविली: डीएनएवरील एक लहानसा फरक, त्यामुळे बदललेला केसांचा रंग आणि त्या रंगामुळे वाचलेला जीव.

बंदुकीने केलेली निवड

नेब्रास्कातील प्रयोग शास्त्रज्ञांनी जाणूनबुजून केला. आफ्रिकेतील मोझांबिक देशात मनुष्याने न कळत असाच एक प्रयोग घडवून आणला. त्याची किंमत मात्र फार मोठी होती. १९७७ ते १९९२ या काळात तेथे यादवी युद्ध चालू होते. दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी युद्धखर्चासाठी हस्तिदंत मिळविण्याकरिता गोरोंगोसा येथील राष्ट्रीय उद्यानातील हत्तींची बेसुमार कत्तल केली. नऊ-दशांशांहून अधिक हत्ती मारले गेले.

आपल्याकडील हत्तिणींना बाहेर दिसणारे मोठे सुळे नसतात, आणि सुळे नसलेल्या नर हत्तीला आपण मखना म्हणतो. आफ्रिकेत मात्र नर व मादी दोघांनाही सुळे असतात. जन्मतः सुळे नसलेल्या माद्या थोड्या. गोरोंगोसात युद्धापूर्वी अशा माद्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. युद्धानंतर ते सुमारे ५१ टक्के झाले. शिकाऱ्याच्या लेखी सुळे नसलेल्या हत्तिणीला किंमत नव्हती, म्हणून ती वाचली. पण ही केवळ उरलेल्यांची गोष्ट नव्हती. युद्ध संपल्यावर जन्मलेल्या माद्यांतही सुमारे एकतृतीयांश बिनसुळ्यांच्या निघाल्या. म्हणजे बंदुकीच्या भीतीची निशाणी पुढील पिढीच्या शरीरावर उमटली होती.

बिनसुळ्यांचे नर मात्र तेथे आढळत नव्हते. असे का, याचे उत्तर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दिले. सुळे असलेल्या व नसलेल्या हत्तिणींचे रक्त तपासून संशोधकांनी त्यांच्या डीएनएची तुलना केली. तेव्हा दातांच्या घडणीशी संबंधित असलेल्या एका जनुकाकडे बोट वळले. ते जनुक एक्स नावाच्या गुणसूत्रावर असते. मादीजवळ एक्स गुणसूत्रे दोन असल्यामुळे एक बिघडले तरी दुसऱ्यावर तिचे भागते. नराजवळ ते एकच, त्यामुळे बिघडलेले गुणसूत्र वाट्यास आलेला नर गर्भातच दगावतो, असे पुराव्यांवरून दिसते. तेव्हा सुळे नसण्याने हत्तिणीचा जीव वाचला खरा. पण त्याचे मोल तिच्या न जन्मलेल्या मुलग्यांनी दिले.

सिमिलिपालचे काळे वाघ

आतापर्यंतच्या तिन्ही गोष्टींत खुणांनी निवडीचा हात दाखविला. परंतु त्यांचा तितकाच मोठा उपयोग, निवडीचा हात जेथे नाही तेथे तसे स्पष्ट सांगण्यात आहे. यासाठी आपण स्वदेशी येऊ.

ओडिशा राज्यात, मयूरभंज जिल्ह्यात, सिमिलिपालचे व्याघ्र अभयारण्य आहे. तेथील काही वाघांचे पट्टे इतके रुंद व एकमेकांत मिसळलेले असतात की, पाठीवरचा पिवळा रंग जवळजवळ झाकून जातो. लोक त्यांना काळे वाघ म्हणतात. ओडिशा शासनाने २०२३-२४ मध्ये केलेल्या गणनेत सिमिलिपालमध्ये २७ प्रौढ वाघ आढळले. त्यांपैकी १३ काळे होते. जगात अन्यत्र रानात असे काळे वाघ आढळत नाहीत.

सिमिलिपालचे रान दाट आहे, सालवृक्षांची छाया गडद आहे. तेव्हा अंधारात लपण्यास काळा रंग बरा, म्हणून निसर्गाने तो निवडला, असे म्हणण्याचा मोह कोणासही होईल. नेब्रास्काच्या उंदरांची गोष्ट ताजी असताना तर तो अधिकच होईल. पण बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन, विनय सागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुमानावर न थांबता खुणा तपासल्या. प्राणिसंग्रहालयांतील काळ्या वाघांची वंशावळ आणि रानातून गोळा केलेले नमुने यांच्या आधारे त्यांनी दाखवून दिले की, टॅकपेप नावाच्या जनुकातील केवळ एका अक्षराचा बदल या रंगास कारण आहे. घरातील मांजरांपैकी काहींच्या अंगावर पट्ट्यांऐवजी रुंद वेटोळी असतात. त्यांच्याही मुळाशी हेच जनुक आहे. वाघ काळा होण्यासाठी आई व बाप दोघांकडूनही बदललेली प्रत यावी लागते.

त्या २०२१ सालच्या अभ्यासात सिमिलिपालच्या वाघांतील दर शंभर प्रतींपैकी सुमारे ५८ प्रती बदललेल्या आढळल्या. इतर ठिकाणच्या ३९५ वाघांत मात्र ती एकातही आढळली नाही. एकीकडे निम्म्याहून अधिक व दुसरीकडे शून्य! याचा अर्थ लावताना संशोधकांनी त्या आळीतील इतर भिंतींकडेही पाहिले. केवळ रंगाच्या ठिकाणीच नव्हे, तर डीएनएवर सर्वत्रच सिमिलिपालचे वाघ इतर वाघांहून दूर गेलेले होते. भिंत एकच ओली नव्हती. सारे घरच भिजले होते. थोड्याशा वाघांपासून वाढलेला, इतर वाघांपासून तुटलेला आणि आपसांतच वंश चालवीत आलेला हा समूह होता. अशा लहान समूहात एखादा विरळा बदल निव्वळ योगायोगाने वाढत जाऊ शकतो. काळ्या रंगाचा काही लाभ असेलच तर तो अगदीच नाकारता येत नाही. पण या वाघांचा रंग समजावून सांगण्यास योगायोग आणि एकाकीपणा पुरेसे आहेत, असा या संशोधनाचा रोख आहे.

काळ्या वाघाचे छायाचित्र पाहून आपण हरखतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु या खुणा वाचल्यावर त्याच छायाचित्रात एक इशाराही दिसू लागतो. जो योगायोग काळा रंग पसरवितो, तोच एखादा दडलेला आनुवंशिक दोषही पसरवू शकतो. हिर्टावर निवडीला काम करण्यास दोन वाण होते, म्हणून मिश्र एडका उपजू शकला. ज्या समूहात सर्वांचेच डीएनए एकसारखे होत चालले आहे, तेथे उद्या नवा रोग आला तर निसर्गाने निवडावयाचे तरी कोणातून? शेतकऱ्याच्या कणगीत बियाण्याचे एकच वाण उरले, तर पाऊस फिरल्यावर त्याने काय करावे, तसाच हा प्रश्न आहे.

यासाठीच २०२४ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून दोन तरुण वाघिणी सिमिलिपालला नेण्यात आल्या. एक जमुना व दुसरी झीनत. त्यांच्या रक्तातून त्या एकाकी समूहात नवे वाण यावे, हा हेतू. झीनत काही तेथे स्वस्थ राहिली नाही. डिसेंबरमध्ये ती सिमिलिपाल सोडून निघाली आणि झारखंडातून पश्चिम बंगालमध्ये जाऊन पोहोचली. तीन राज्यांचे वनकर्मचारी दिवसरात्र तिच्या मागावर होते. डिसेंबरअखेर बांकुरा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडण्यात आले व पुन्हा सिमिलिपालला आणण्यात आले.

विदर्भाच्या रानातली एक वाघीण ओडिशात नेऊन सोडण्यासाठी एवढा खटाटोप कशासाठी, असे वर्तमानपत्रातील ती बातमी वाचताना आपणापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल. हिर्टाच्या मेंढरांची गोष्ट वाचल्यावर त्याचे उत्तर देणे अवघड वाटू नये. जमुना व झीनत यांना तेथे पिले झाली, तर त्यांच्या पट्ट्यांचा रंग कोणता, एवढे पाहून भागणार नाही. रानवाटेवरची त्यांची विष्ठा गोळा करावी लागेल, तिच्यातील खुणा वाचाव्या लागतील, आणि कोणाचे पिलू किती जगले, हे वर्षामागून वर्षे वहीत लिहावे लागेल. हिर्टावर १९८५ पासून गारठ्यात व वाऱ्यात जे काम चालले आहे, तेच काम सालवनांच्या सावलीत करावयाचे आहे.